लादीपाव का बसतो? यीस्टचं श्वसन समजून पाव करण्याची रीत

घरचा पाव बिघडला की खापर बहुतेक वेळा यीस्टवर फुटतं. पुढच्या खेपेला चमचाभर यीस्ट जास्त पडतं, जोडीला साखरही वाढते, आणि पाव एक तर पुन्हा दगड होतो किंवा भरभर फुगून ओव्हनमध्ये खचतो. खरी गडबड सहसा तीन ठिकाणी असते : पाण्याचं तापमान, मळणी, आणि पीठ किती फुगू द्यायचं याचा अंदाज. या तिन्हींचं मूळ यीस्ट पिठात साखरेचं काय करतं यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. पुढची कृती ९ पावांच्या एका लादीची आहे. ब्रेड किंवा बन करायचे असतील तरी टप्प्यांचा क्रम हाच राहतो.

## पिठात नेमकं काय चालतं

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिला साखर जिरवण्याचे दोन मार्ग येतात. ऑक्सिजन असेल तर ऑक्सिश्वसन : साखरेचं पूर्ण विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ऊर्जा भरपूर मिळते आणि पेशी झपाट्याने वाढतात. ऑक्सिजन नसेल तर किण्वन : साखरेपासून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल बनतं, ऊर्जा फार थोडी मिळते. यीस्टच्या कारखान्यात पहिला मार्ग चालवतात. उसाची मळी थोडी थोडी सोडत, टाकीत सतत हवा खेळवत पेशी वाढवतात. आपल्या परातीत मात्र दुसरा मार्ग चालतो. मळताना पिठात कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन यीस्ट काही मिनिटांत संपवतं आणि किण्वनाला लागतं. साखर मुबलक असली तर ऑक्सिजन हाताशी असतानाही ते किण्वनाकडेच झुकतं. ‘यीस्ट श्वास घेतं म्हणून पाव फुगतो’ हे शाळेतलं वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

कामाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली : दीड-दोन तासांच्या आंबवण्यात यीस्टच्या पेशी फारशा वाढत नाहीत. तुम्ही घातले तेवढेच मजूर शेवटपर्यंत काम करतात. त्यांचा वेग ठरवतं ते मुख्यतः पिठाचं तापमान. ढोबळमानाने ८ ते १० अंशांनी तापमान वाढलं की वेग दुप्पट होतो.

दुसरी : यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. त्याने सोडलेला वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि तिथून आधीच असलेल्या बारीक बुडबुड्यांमध्ये शिरतो. हे बुडबुडे मळताना कोंडलेल्या हवेचे असतात. त्यातला ऑक्सिजन संपला तरी नायट्रोजन उरतो, तोच त्यांचा गाभा. थोडक्यात, पावाची जाळी मळणारा हात पाडतो आणि यीस्ट ती फुगवतं. मळणीत कसूर झाली तर दुप्पट यीस्टही ती भरून काढू शकत नाही.

तिसरी : साखर फारच थोडी लागते. १ ग्रॅम ग्लुकोजच्या किण्वनातून पाव लिटरहून थोडा जास्त वायू निघतो. ३०० ग्रॅम मैद्याचा गोळा साधारण अर्ध्या लिटरचा भरतो, म्हणजे तो दुप्पट व्हायला दोन-अडीच ग्रॅम साखर पुरते. तेवढी तर मैद्यातल्या स्टार्चपासूनही सुटते, कारण पिठातली एन्झाइमं स्टार्च तोडून माल्टोज नावाची साखर तयार करतात. आपण घालतो ती साखर यीस्टला लवकर सुरुवात करून देते. बाकीची चव आणि वरचा तांबूस रंग यांसाठी असते.

## साहित्य आणि मापं

मैदा ३०० ग्रॅम, पाणी १२० मिली, उकळून गार केलेलं दूध ७५ मिली, साखर १५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम. सगळ्याचा मिळून साधारण ५४० ग्रॅमचा गोळा होतो, त्याचे ६०-६० ग्रॅमचे ९ उंडे. साचा २० सेंटिमीटरचा चौकोनी.

वाटी-चमच्यावर भागवू नका. दाबून भरलेल्या वाटीत आणि अलगद भरलेल्या वाटीत मैद्याचा इतका फरक पडतो की त्याच पाण्यात एकदा पीठ सैल होतं, एकदा घट्ट. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा वजनकाटा घ्या. यीस्टसाठी काटा नसेलच तर सपाट छोटा चमचा साधारण ३ ग्रॅम भरतो.

दूध उकळलेलं का? कच्च्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताण धरण्याची क्षमता कमी करतात, उकळल्यावर तो त्रास राहत नाही. आपल्याकडे दूध उकळतंच, फक्त वापरण्याआधी साय काढून घ्या.

यीस्टचे तीन प्रकार मिळतात आणि त्यांची वजनं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ४ ग्रॅम इन्स्टंटच्या जागी ॲक्टिव्ह ड्राय असेल तर ५ ग्रॅम आणि ताजं, वडीसारखं यीस्ट असेल तर १२ ग्रॅम धरा. इन्स्टंट थेट कोरड्या मैद्यात मिसळतं. ॲक्टिव्ह ड्रायचे दाणे जाड असतात, ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागतात. ताजं यीस्ट पाण्यात कुस्करून घ्यायचं. बेकिंग पावडर यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाही.

## टप्पा १ : यीस्ट जिवंत आहे का, ते पाहा

नुकतंच फोडलेलं, मुदतीतलं पाकीट असेल तर हा टप्पा गाळा. महिनाभर उघडं राहिलेलं, त्यातही पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत राहिलेलं यीस्ट मात्र तपासल्याशिवाय पिठात घालू नका.

५० मिली कोमट पाण्यात पाव चमचा साखर विरघळवून त्यावर १ चमचा यीस्ट भुरभुरवा. ५ मिनिटांनी हलवा आणि आणखी ५ मिनिटं थांबा. वर दाट फेस आला आणि पावाचा ओळखीचा वास सुटला, की यीस्ट चांगलं आहे. पाणी गढूळ झालं पण फेस नाही, तर ते टाकून द्या. ‘थोडं तरी जिवंत असेल’ म्हणून तेच दुप्पट घालू नका. मेलेल्या पेशींमधून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पाझरतं आणि ते पिठाचा ताण सैल करतं, गोळा ओघळायला लागतो.

पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर विरजण लावताना दूध जितकं कोमट असतं, त्याहून किंचित गार. बोट घातल्यावर ‘छान गरम’ वाटलं तर ते यीस्टसाठी जास्त आहे. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं. उलट टोकाची चूकही होते : कोरडं यीस्ट थेट गार पाण्यात टाकलं की पेशींचं आवरण नीट सावरायच्या आत आतला ऐवज बाहेर पाझरतो, आणि पुन्हा तेच ग्लुटाथायोन पिठात उतरतं. थंड पाणी वापरायचं असेल तेव्हा इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळून घ्या, म्हणजे ते पाण्याला थेट भिडत नाही.

## टप्पा २ : पाण्याचं तापमान काढा

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. एकच कृती जानेवारीत दोन तास घेते आणि मे महिन्यात पाऊण तासात उतू जाते, ती इथल्या दुर्लक्षामुळे. मळून झालेल्या गोळ्याचं तापमान २७ अंशांच्या आसपास यायला हवं. मैदा आणि खोली आपल्या हातात नसतात, पाणी असतं. म्हणून हिशोब असा :

पाण्याचं तापमान = ८१ − (खोलीचं तापमान + मैद्याचं तापमान + ३)

८१ म्हणजे २७ गुणिले ३. शेवटचे ३ अंश हाताने मळताना घर्षणाने येणाऱ्या उष्णतेचे. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात हुक लावून मळणार असाल तर ३ ऐवजी १० ते १२ धरा. दूधही याच तापमानाचं करून पाण्यात मिसळा.

उदाहरणं पाहा. पुण्यात जानेवारीच्या सकाळी खोली आणि मैदा दोन्ही २० अंश असतील तर पाणी ३८ अंश, म्हणजे कोमट. पावसाळ्यात २८ अंश असतील तर २२, म्हणजे माठातलं चालेल. मुंबईत मे महिन्यात ३३ असतील तर १२, म्हणजे फ्रिजमधलं पाणी. नागपुरात स्वयंपाकघर ३८ वर गेलं की उत्तर २ अंश येतं. तेव्हा बर्फाच्या पाण्याशी झटापट करण्यापेक्षा मैदाच तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याचं नवं तापमान धरून पुन्हा हिशोब करा.

इशारा : थंडी कितीही असो, पाणी ४२ अंशांच्या वर नेऊ नका. उत्तर त्याहून जास्त आलं तर पाणी ४२ वरच ठेवा आणि आंबवण्याचा वेळ वाढवा.

उन्हाळ्यात यीस्टही कमी लागतं. ३३ अंशांच्या वर ३ ग्रॅम पुरे. कडाक्याच्या थंडीत ५ ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे पावाला यीस्टचा उग्र वास राहतो.

## टप्पा ३ : भिजवणं आणि २० मिनिटांची विश्रांती

मैदा, यीस्ट आणि साखर कोरडीच एकत्र करा, मग मीठ घालून पुन्हा हलवा. मीठ आणि यीस्ट एकमेकांजवळ आले की यीस्ट मरतं, अशी भीती सर्रास असते. कोरड्या मैद्यात दोन्ही विखुरलेली असतील तर काही बिघडत नाही. यीस्ट भिजवलेल्या वाटीत मात्र मीठ टाकू नका, आणि ताज्या यीस्टच्या वडीवर तर नाहीच. तिथे मीठ पेशींमधलं पाणी ओढून घेतं.

पाणी-दुधातलं २० मिली मागे ठेवून बाकीचं ओता आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत फक्त एकत्र करा. मळू नका. झाकून २० मिनिटं ठेवा. या वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लूटेनचे, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे, धागे आपोआप जुळायला लागतात. त्यामुळे पुढची मळणी जवळपास निम्म्यावर येते आणि हाताला चिकटणारं पीठ बऱ्यापैकी सावरतं. विश्रांतीनंतर गोळा घट्ट वाटला तर मागे ठेवलेलं पाणी थोडं थोडं लावा.

इशारा : पीठ चिकटतंय म्हणून मूठभर कोरडा मैदा भुरभुरवणं, ही दगडी पावाची हमखास वाट. पोळीची कणीक जशी लागते तसं हे पीठ लागणार नाही, लागताही कामा नये. ते सैलसर, बोटाला किंचित ओढ देणारं हवं. घट्ट पिठात बुडबुड्याला पसरायला जागाच मिळत नाही.

## टप्पा ४ : मळणी

ओट्यावर गोळा तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडून मागे घ्या, चतकोर फिरवा, पुन्हा ढकला. ५ मिनिटांनी मऊ लोणी दोन-तीन वेळा करून मिसळा. सुरुवातीला सगळं निसटल्यासारखं होतं. घाबरू नका, दोन मिनिटांत गोळा लोणी पिऊन टाकतो. आणखी ६-७ मिनिटं मळा. लोणी आधीच घातलं तर ते मैद्याच्या कणांवर लेप धरतं आणि धागे उशिरा जुळतात.

दुमडण्याची क्रिया महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक घडीबरोबर हवा आत कोंडली जाते आणि आधीचे बुडबुडे चिरडून त्यांचे बारीक बुडबुडे होतात. नुसतं दाबत, चुरत राहिलात तर धागे जुळतील, पण बारीक जाळी मिळणार नाही.

तपासा : सुपारीएवढा तुकडा घेऊन बोटांनी सावकाश ताणा. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचं बोट अंधुक दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला, की मळणी पुरी. लगेच फाटला आणि कडा खरबरीत निघाल्या तर आणखी ३ मिनिटं. आता गोळ्याच्या मध्यात थर्मामीटर खुपसा. २६ ते २८ अंश आले तर पुढच्या वेळा जशाच्या तशा पाळा. ३१-३२ आले तर आंबवणं लवकर आटपणार, म्हणून १५ मिनिटं आधीच पाहायला सुरुवात करा. २२ आले तर धीर धरा.

## टप्पा ५ : पहिलं फुगणं

तेलाचा हात फिरवलेल्या, सरळ कडांच्या डब्यात गोळा ठेवा आणि बाहेरून पिठाच्या उंचीवर रबरबँड लावा. पसरट परातीत पीठ आडवं पसरतं, दुप्पट झालं की नाही ते कळतच नाही.

डबा झाका. यीस्टला श्वास घेता यावा म्हणून झाकण उघडं किंवा पातळ फडकं टाकून ठेवणं, ही समजुतीतली चूक आहे. वर पाहिलंच की यीस्ट आता ऑक्सिजनशिवाय काम करतंय, बाहेरच्या हवेचा त्याला काडीचा उपयोग नाही. उघड्या पिठावर मात्र पापुद्रा धरतो, तो ताणला जात नाही, आणि भाजल्यावर पावात कोरडी, कडक रेघ दिसते. ताट नुसतं वर ठेवलं तरी पुरे.

पहिली १५-२० मिनिटं काहीच हालचाल दिसणार नाही. वायू तयार होत असतो, पण तो आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो. पाणी त्याने भरलं की मग बुडबुडे फुगायला लागतात. नेमक्या याच वेळी अधीर होऊन लोक डबा उन्हात, गरम ओव्हनमध्ये किंवा शेगडीशेजारी ठेवतात. पिठाची कड तापून भराभर आंबते आणि मध्य गारच राहतो. अशा गोळ्याच्या पावात एका बाजूला मोठी भोकं आणि दुसऱ्या बाजूला गच्च पट्टा येतो. थंडीत ऊब द्यायचीच तर बंद ओव्हनमध्ये वाटीभर गरम पाणी ठेवा. ओव्हन सुरू करू नका.

२७-२८ अंशांना साधारण ६० ते ७५ मिनिटं लागतात. ३३ अंशांना ४० मिनिटंही पुरतात, २० अंशांना दोन तास. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाची सूर (माडी) घालून पीठ आंबवत. अशा खमिराची ताकद रोज वेगळी, तिथे घड्याळावर विसंबून चालणारच नाही. पाकिटातल्या यीस्टने घड्याळाऐवजी पीठ पाहण्याची आपली सवय मोडली, एवढंच.

तपासा : बोट मैद्यात बुडवून गोळ्यात दीड सेंटिमीटर खुपसा. खळगा चटकन भरून आला तर अजून वेळ आहे. जवळपास तसाच राहिला, कडा किंचितच आत आल्या, तर झालं. बोट लावताच गोळा सुस्कारा टाकून खाली बसला आणि दारूसारखा वास आला, तर वेळ टळली आहे. अशा वेळी तो फेकू नका. नीट दाबून, पुन्हा गोळा करून लगेच पुढच्या टप्प्याला जा आणि दुसरं फुगणं थोडं आखूड ठेवा. पावाचा रंग फिका येईल, कारण साखर यीस्टने खाल्लेली असते.

रोज करणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती : मळून झाल्यावर ३० ग्रॅमचा तुकडा काढून काचेच्या अरुंद, उभट पेल्यात दाबून बसवा, उंचीवर खूण करा आणि पेला डब्याला चिकटून ठेवा. मोठ्या गोळ्याला हात न लावता किती फुगलं ते दिसत राहतं. लहान तुकडा खोलीचं तापमान लवकर धरतो, म्हणून खोली आणि पीठ यांच्या तापमानात फार अंतर असेल तेव्हा हा पेला फसवू शकतो.

## टप्पा ६ : हवा काढणं आणि उंडे वळणं

फुगलेला गोळा ओट्यावर काढून तळहाताने दाबा. इतक्या वेळात जमवलेला वायू घालवायला जिवावर येतं, पण तो घालवायचाच आहे. मोठे बुडबुडे मोडून लहान होतात, आणि यीस्टच्या पेशी ज्या जागी चिकटून आसपासची साखर संपवत होत्या तिथून हलून नव्या साखरेजवळ येतात. बाहेरचं आणि आतलं तापमानही सारखं होतं.

६०-६० ग्रॅमचे ९ भाग काट्यावर तोलून करा. डोळ्याने केलेले उंडे लहान-मोठे होतात आणि लादीत एक पाव कच्चा, शेजारचा कोरडा निघतो. प्रत्येक भागाच्या कडा खाली दुमडा, मग वाटीसारख्या हाताखाली ओट्यावर गोल गोल फिरवा. वरची त्वचा तुकतुकीत, ताणलेली झाली पाहिजे. हा ताण वायूला वरच्या दिशेने नेतो. सैल वळलेला उंडा आडवा पसरतो. ओट्यावर मैदा भुरभुरवला असेल तर उंडा नुसता घसरेल, ताण येणार नाही. ओटा कोरडा, स्वच्छ ठेवा.

## टप्पा ७ : दुसरं फुगणं

लोणी लावलेल्या साच्यात ३-३ च्या रांगा, मध्ये बोटभर फट. वर ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं, पण पिठाला टेकणार नाही असं. ४० ते ५० मिनिटं. १५-२० मिनिटं उरली असताना ओव्हन २०० अंशांवर लावा. उंडे तयार झाल्यावर ओव्हन तापायची वाट पाहत बसलात तर तेवढ्यात ते जास्त फुगतात.

इथे पूर्ण दुप्पट होऊ देऊ नका. उंडे एकमेकांना टेकले, साच्याच्या काठाच्या जरा खाली आले आणि ओल्या बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरला की पुरे. ओव्हनमध्ये अजून एक उसळी बाकी असते. तिच्यासाठी पिठात ताकद उरायला हवी. घरी पाव बसतो तो बहुतेक वेळा इथेच. बुडबुड्यांच्या भिंती आधीच टोकापर्यंत ताणलेल्या असतात, ओव्हनची उष्णता लागली की त्या फाटतात आणि मध्य खचतो.

## टप्पा ८ : भाजणं

वरून दुधाचा अलगद हात फिरवा आणि मधल्या कप्प्यात ठेवा. पहिल्या काही मिनिटांत खूप काही घडतं. पीठ तापतं तसं यीस्ट आधी वेग वाढवतं, मग मंदावतं आणि ५५-६० अंशांना मरतं. तोवर पाण्यात विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुड्यांत शिरतो, कारण गरम पाण्यात तो कमी मावतो. बुडबुड्यांतला आधीचा वायू उष्णतेने प्रसरण पावतो. ७८ अंशांच्या आसपास अल्कोहोलची वाफ होते, पाण्याची वाफ त्यात भर घालते. त्याच सुमारास ग्लूटेन आणि स्टार्च घट्ट होऊन आकार पक्का करतात. आकार पक्का होण्याआधी दार उघडलं की आतली वाफ आणि उष्णता जाते आणि पाव बसतो. पहिली १० मिनिटं दाराला हात लावू नका.

एकूण १६ ते २० मिनिटं. छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची कॉइल जवळ असते. १० मिनिटांतच रंग चढला तर वर फॉइल ठेवा, तापमान कमी करू नका.

तपासा : मधल्या पावाचं आतलं तापमान ९३ ते ९५ अंश. थर्मामीटर नसेल तर मधला पाव बाजूने किंचित उचकटून पाहा. जोडावर ओला, पिठूळ चिकटा दिसला तर आणखी ३ मिनिटं.

बाहेर काढताच वर लोणी फिरवा, ५ मिनिटांनी साच्यातून जाळीवर काढा आणि कोरड्या फडक्याखाली ठेवा. साच्यातच राहिला तर तळ घामेजतो. अर्धा तास तोडू नका, आतला गाभा अजून घट्ट होत असतो. गरम असताना सुरी लावली की तो चिकट गोळा होतो आणि पाव कच्चा राहिला असं वाटतं.

## फेरफार करताना

कणीक वापरायची असेल तर एकदम पूर्ण बदल करू नका. १०० ग्रॅम मैद्याच्या जागी चक्कीची कणीक घ्या, पाणी १५-२० मिली वाढवा आणि टप्पा ३ ची विश्रांती अर्ध्या तासाची करा. कणकेत यीस्ट जोमाने काम करतं, पण कोंड्याचे कण बुडबुड्यांच्या भिंती कापतात. म्हणून दुप्पटीची वाट न पाहता दीडपट झाल्यावरच पुढे जा.

गोड बनसाठी साखर मैद्याच्या १० टक्क्यांवर, म्हणजे इथे ३० ग्रॅमच्या पुढे गेली की यीस्ट मंदावतं. साखर जास्त, म्हणजे यीस्टला खाऊ जास्त, हा हिशोब इथे उलटा पडतो. दाट पाकात मुरांबा टिकतो त्याच कारणाने : साखर पेशीतलं पाणी ओढते. गोड पिठासाठी वेगळं इन्स्टंट यीस्ट मिळतं. ते नसेल तर यीस्ट दीडपट करा आणि वेळही जास्त द्या. पिठात दालचिनीची पूड मिसळू नका, ती यीस्टला दाबते. सारणात घातली तर चालते.

रात्रभर फ्रिजमध्ये आंबवायचं असेल तर यीस्ट दीड ग्रॅम. गोळा मळून २० मिनिटं बाहेर, मग झाकून ४ अंशांना ८ ते १२ तास. गोळ्याचा मध्य गार व्हायला बराच वेळ लागतो आणि तोवर किण्वन चालूच असतं. ४ ग्रॅम यीस्ट घालून ठेवलात तर पहाटे झाकण उचललेलं सापडेल. सकाळी थेट उंडे वळा. गार पिठाला दुसऱ्या फुगण्यासाठी दीड-दोन तास लागतात.

## बिघडलाच तर

पाव गच्च आणि जड, वर भेगा : कमी फुगला. बहुधा पाणी गार होतं किंवा घाई झाली. भेगा पडतात, कारण उरलेली सगळी उसळी ओव्हनमध्ये एकदम येते.

पाव गच्च, पण भेगा नाहीत, रंग चांगला : यीस्ट मेलं होतं किंवा मैदा जास्त पडला. यीस्ट मेलं असेल तर पीठ टप्पा ५ मध्येच हललेलं नसतं. तेव्हाच लक्षात आलं तर ३ ग्रॅम चांगलं यीस्ट चमचाभर कोमट पाण्यात भिजवून गोळ्यात मळता येतं, मैदा वाया जात नाही.

मध्य खचलेला, कडा सुरकुतलेल्या, आंबूस वास : जास्त फुगला. पुढच्या वेळी पाण्याचं तापमान आधी पाहा, यीस्टचा डबा नंतर.

पीठ भसाभस फुगलं, चिकट राहिलं आणि पाव बेचव : मीठ घालायचं राहिलं. मीठ चवीपुरतं नसतं, ते यीस्टला आवरतं आणि ग्लूटेनला घट्ट धरतं.

वरच्या सालीखाली मोठी पोकळी : उंडे वळताना हवा नीट काढली नाही किंवा साल कोरडी पडली होती.

सगळं ठीक, पण दुसऱ्या दिवशी पाव कोरडा : फ्रिजमध्ये ठेवला असणार. फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतं. पाव बाहेर डब्यात दोन दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीजरमध्ये, आणि खाताना थेट तव्यावर.